फळभाजीचा हिशेब

संगमनेर तालुक्यातील एका वाचक भगिनीने पत्र लिहून आम्हांस प्रश्न केला आहे. वजन उतरविण्याच्या हेतूने आहारातील उष्मांक मोजावयास घेतले असता फळे व भाज्या त्या हिशेबात धराव्यात, की सोडून द्याव्यात? त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचे म्हणणे असे की, पालाभाजी खाऊन आजवर कोणी लठ्ठ झाल्याचे ऐकिवात नाही. उलट चिरंजीवांचे म्हणणे असे की, हिशेब म्हटला म्हणजे तो पै-पैचा झाला पाहिजे. एकाच स्वयंपाकघरात अशी दोन मते नांदू लागली म्हणजे पाने वाढणाऱ्या बाईंची काय अवस्था होते, ती आम्ही जाणतो. कारण गेल्या चातुर्मासात हाच वाद आमच्या घरी मुक्कामास आला होता, व त्याची किंमत घरातील एका मुलीस मोजावी लागली. आम्ही वैद्य नव्हे. जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलेले एक मास्तर, एवढाच आमचा अधिकार. तेव्हा जे सांगावयाचे ते अनुभवाच्या आधारे सांगतो.

नगरास आमचे चौदा माणसांचे घर आहे. (सरकारदरबारी २०२४ पासून नगरचे अहिल्यानगर झाले, परंतु जुन्या जिभेचे वळण लवकर बदलत नाही, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.) गेल्या आषाढात आमची रक्ततपासणी झाली, तीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, सहा किलो तरी वजन उतरले पाहिजे. काय खाता ते लिहून ठेवीत जा." लिहून ठेवणे हा तर आमचा आयुष्यभराचा धंदा! आम्ही कोरी वही घेतली, रकाने आखले, आणि भाकरी, भात, वरण, तूप यांची नोंद करू लागलो. रात्रीची भाकरी सोडली. फळे मात्र आम्ही वहीत घेतली नाहीत. फलाहार म्हणजे उपवासास चालणारी शुद्ध वस्तू. तिला आकड्यांच्या तराजूत घालणे आम्हांस हलकेपणाचे वाटले. दोन महिने लोटले, परंतु वजनाचा काटा तसूभरही हलला नाही.

एके दिवशी आमच्या थोरल्या नातीने ती वही चाळली व विचारले, "आजोबा, रात्री भाकरीऐवजी तुम्ही जे खाता, ते यात कोठे आहे?" आम्ही रात्री खात होतो दोन केळी, आणि सीताफळांचे दिवस असल्यामुळे त्यांवर दोन सीताफळे. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे १०० उष्मांक असतात. सीताफळाच्या १०० ग्रॅम गरातही जवळजवळ तितकेच. एकूण झाले ४००. आता ज्वारीच्या एका भाकरीस ६० ग्रॅम पीठ धरले, तर तिचे होतात सुमारे २००. म्हणजे एक भाकरी आम्ही पुढच्या दाराने घालविली आणि मागच्या दाराने दोन आत घेतल्या!

उष्मांक ही काही पापपुण्याची मोजणी नव्हे. एक किलो पाण्याची उष्णता एका अंशाने वाढविण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढीस आहारशास्त्रात एक उष्मांक म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने निरनिराळ्या अन्नांतून शरीरास किती ऊर्जा मिळते याचे मोजमाप केले. त्यातून जे ठोकताळे निघाले ते आजही चालतात : एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर यापासून ४, प्रथिनापासून ४ आणि स्निग्ध पदार्थापासून ९. साखर उसातली असो वा केळ्यातली, शरीर तिचे ४ च धरते.

हे काही केवळ पाश्चात्त्यांचेच शहाणपण आहे असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचवा अध्याय 'मात्राशितीय' या नावाचा आहे. त्यात साठेसाळीचा भात, मूग अशा स्वभावतः हलक्या पदार्थांची गणना करून पुढे स्पष्ट म्हटले आहे की, हे पदार्थ हलके असले तरी तेही मात्रेची अपेक्षा ठेवतात. आम्ही हा भाग पूर्वी वाचला होता. परंतु सीताफळ फोडताना त्याचे स्मरण झाले नाही, हा दोष ग्रंथाचा नव्हे.

येथवर चिरंजीवांचा पक्ष खरा ठरला असे वाटेल. परंतु खरी गोष्ट पुढेच आहे.

आमची चूक दाखविल्याबद्दल आम्ही नातीची सर्वांदेखत पाठ थोपटली, आणि येथेच आमच्या हातून अधिक मोठी चूक झाली. ती अठरा वर्षांची, महाविद्यालयात जाणारी. स्वतःच्या मोबाइलवरील एका ॲपात ती आपला आहार नोंदवीत असे व दिवसास १२०० उष्मांकांची मर्यादा तिने कोणास न विचारता स्वतःच घालून घेतली होती, हे आम्हांस पुढे कळले. आजोबांची शाबासकी मिळाल्यावर हिशेब अधिकच कडक झाला. पानातील मेथीची भाजी तशीच राहू लागली. पेरू 'गोड' म्हणून वर्ज्य झाला. मात्र चहाबरोबर चार बिस्किटे नियमाने चालू होती. सूनबाईंनी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "आई, बिस्किटाच्या पुड्यावर आकडा छापलेला असतो. तुझ्या भाजीत तेल किती आहे ते मला कसे कळणार?"

हे उत्तर आम्ही अद्याप विसरलो नाही. ज्या वस्तूचा आकडा छापून मिळतो ती भरवशाची, आणि जिला आकडा नाही ती संशयित, अशी उलटी दृष्टी त्या मोजणीने तिला दिली होती. घरची परसातली मेथी हिशेबात बसत नाही म्हणून ताटातून उठली, आणि मैदा-साखर हिशेबात बसते म्हणून राहिली.

दिवाळीच्या सुमारास जिना चढताना तिला घेरी आली. रक्त तपासले तो हिमोग्लोबिन ९ वर आलेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची उणीव आढळली होती. ती गोष्ट आम्ही कधीतरी वाचून बाजूस ठेविली होती. आता ती आमच्याच पंक्तीस येऊन बसली. त्या रात्री वाढता वाढता सूनबाई हलकेच म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही सर्वांसमोर तिच्या हिशेबाचे कौतुक केलेत. मग मी कोणत्या तोंडाने तिला बोलायचे होते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या व मोजणी पूर्णपणे बंद करावयास सांगितली. आमची वही मात्र चालू ठेविली. एकाच घरात एकास मोजावयास लावणे व दुसऱ्यास मना करणे हे प्रथम विसंगत वाटले; परंतु वाढत्या वयाची सडपातळ मुलगी आणि साखर वाढलेला म्हातारा यांस एकच नियम लावणे हीच खरी विसंगती होय. डॉक्टरांशी बोलून आणि घरात सर्वांशी विचार करून आम्ही जी पद्धत ठरविली, ती संगमनेरच्या भगिनींसाठी येथे देतो.

पहिला वर्ग पालेभाज्या, काकडी, दुधी, दोडका, पडवळ, कोबी, मुळा, टोमॅटो यांचा. यांच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा १५ ते ४० उष्मांक असतात; काकडीत तर शेकडा ९५ भाग पाणीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दिवसास २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाकरिता ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. त्या ४०० ग्रॅम भाज्यांचे उष्मांक शंभर-दीडशेच्या वर सहसा जात नाहीत, आणि चोथ्यामुळे पोट भरते ते निराळेच. हा वर्ग मोजूच नये. उलट तो पोटभर खावा. मोजावयाचे ते फोडणीचे तेल. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तेल, हे ४५ उष्मांक होत. भाजीच्या नावावर जो दोष येतो तो पुष्कळदा कढईतला असतो. आमच्या घरी आता आठवड्याचे तेल एका बरणीत काढून ठेवितात, व सूनबाई तेवढ्यातच भागवितात.

दुसरा वर्ग फळांचा. ती ग्रॅमने मोजण्याची यातायात न करता नगाने मोजावीत. ज्यास वजन उतरावयाचे आहे त्याने दिवसास एक किंवा फार तर दोन, आणि मधुमेह असल्यास डॉक्टर सांगतील तेवढीच. फळ चावून खावे, रस काढू नये. पेलाभर रसास तीन-चार मोसंबी सहज लागतात. तो एका दमात पोटात जातो, आणि चोथा मात्र चाळणीत राहतो. सुक्या फळांचेही तसेच. १०० ग्रॅम द्राक्षांत साठ-सत्तर उष्मांक, तर तेवढ्याच मनुकांत ३०० च्या आसपास, कारण पाणी उडून गेलेले असते.

तिसरा वर्ग फसवा आहे. बटाटा, रताळे, साबुदाणा, शेंगदाणे, ओले खोबरे ही मंडळी भाजीच्या किंवा उपवासाच्या नावाने पानात येतात, परंतु हिशेबात त्यांस धान्याच्या व तेलाच्या ओळीत बसविले पाहिजे. साबुदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० उष्मांक, शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ५०० हून अधिक. तूप घालून परतलेल्या खिचडीची एक भरलेली बशी ५०० च्या घरात सहज जाते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्या कोणा माउलीने केली, तिला उष्मांक ठाऊक नसतील, पण माणसे ठाऊक होती.

आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याने फळभाजीचे भय बाळगावे, हे तर आम्हांस फारच चमत्कारिक वाटते. राहात्याचे पेरू, श्रीगोंद्याची लिंबे, संगमनेरकडील डाळिंबे ही बाजारात आमच्या दारी येतात. 'भगवा' हे डाळिंबाचे वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठानेच दिले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यांची आणि रानभाज्यांची गावरान बियाणी जपली, त्याबद्दल २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. एवढ्या कष्टाने राखलेली भाजी आकडा सापडत नाही म्हणून पानात टाकून द्यावी काय?

नातीच्या पानात आता मेथी असते, व तिच्यावर श्रीगोंद्याचे लिंबू पिळलेले असते. आंबटातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अंगी लागण्यास साहाय्य होते, असे डॉक्टरांनीच सांगितले. पेरूही परत आला आहे, कारण तोही त्याच गुणाचा. गेल्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन साडेदहावर गेले. आमचे वजन तीन किलो उतरले आहे. तीन उतरावयाचे आहे. सीताफळ आम्ही सोडलेले नाही. ते एक खातो, आणि वहीत लिहितो.

तेव्हा भगिनींस आमचे उत्तर असे : जाऊबाई पालेभाजीपुरत्या खऱ्या, चिरंजीव केळी-सीताफळांपुरते खरे. परंतु दोघांच्याही आधी हे पाहावे की, घरात मोजणारे कोण आहे आणि त्यास मोजण्याचे कारण आहे काय. घरातील कोणी तरुण मुलगी वही घेऊन पानावर बसत असेल, तर आमच्यासारखी तिच्या बेरजेची वाहवा करू नये. तिच्या पानात काय उरले, ते आधी पाहावे.