विमानतळाजवळचे स्टेशन कोणासाठी?

जालना रस्त्याने चिकलठाण्याच्या विमानतळाकडे जाताना जवळच एक रेल्वे स्टेशन आहे, याची आठवण सहसा कोणाला होत नाही. विमानातून उतरलेला पाहुणा रिक्षा किंवा मोटार शोधतो. चिकलठाणा स्टेशनात मोजक्या गाड्या थांबतात, चार माणसे उतरतात आणि फलाट पुन्हा ओस पडतो. मुंबईच्या भुयारी मेट्रोने ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही विमानतळ जोडले, तेव्हा छत्रपती संभाजीनगरातही असे काही व्हावे असे अनेकांना वाटले असेल. त्यात गैर काही नाही. पण ही सोय कोणासाठी, हे आधी ठरवायला हवे.

त्याचे उत्तर विमानतळावर नाही, गंगापूर तालुक्यात आहे. खुद्द गंगापूर गावाला रेल्वे नाही. तालुक्याची रेल्वे म्हणजे लासूर आणि पोटूळ. निजामाच्या राज्यात १९०० साली मनमाड-हैदराबाद मीटरगेज मार्ग सुरू झाला. लासूरला तर वस्तीच स्टेशनाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले, अलीकडे विजेच्या तारा आल्या, मुंबईची वंदे भारतही याच मार्गावरून धावू लागली. तरी सकाळी शहरात कामाला जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्याला भरवशाची लोकल मात्र मिळालेली नाही.

याचे मोठे कारण एकेरी मार्ग. समोरून गाडी येणार असली की एकीला स्टेशनात थांबावेच लागते, आणि थांबण्याची पाळी बहुधा साध्या पॅसेंजरवर येते. अर्ध्या तासाचा उशीर प्रवाशाला कदाचित चालेल. कारखान्याच्या पाळीला तो चालत नाही. पोटूळच्या एखाद्या घरात तर संध्याकाळच्या गाडीची खात्री नाही एवढ्यावरूनच मुलीचे कॉलेज बंद करण्याचा निर्णय होऊ शकतो. वेळापत्रक हा घरातला प्रश्न होतो तो असा.

इतरांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. दिल्लीत २०११ साली खास विमानतळासाठी झगमगीत मार्ग सुरू झाला. तिकीट महाग, प्रवासी थोडे; २०१३ मध्ये खाजगी कंपनी बाहेर पडली. पुढे २०१५ साली भाडे उतरवल्यावर गर्दी वाढली. चेन्नईत उलट चित्र आहे. विमानतळासमोरच्या तिरुसुलम स्टेशनात साधी उपनगरी लोकल थांबते. त्या लोकलमधून बॅग घेतलेला विमानप्रवासीही उतरतो आणि डबा घेतलेला कामगारही.

चिकलठाण्यालाही हाच धडा लागू आहे. विमाने मोजकी, पण आसपास चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आहे, करमाडच्या बाजूला शेंद्रा आहे. रोटेगाव, लासूर, पोटूळ, दौलताबाद, मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड, जालना अशी लोकल धावली तर तिला रोजचे प्रवासी मिळतील आणि विमानप्रवाशाची सोय आपोआप होईल. वाळूजचा प्रश्न मात्र याने सुटणार नाही. ते गंगापूर तालुक्यात असले तरी रुळापासून दूर आहे, तिथे एस.टी. आणि शहर बसच वाढवावी लागेल.

अंकाई ते संभाजीनगर दुहेरीकरण मंजूर झाले आहे. संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणालाही केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मान्यता दिली. म्हणजे 'एकच रूळ आहे' ही सबब काही वर्षांत संपेल. पण दुसरा रूळ पडला म्हणून लोकल आपोआप येत नाही. मोकळी झालेली वेळ मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्याही घेऊ शकतात. चिकलठाण्याला पादचारी पूल कुठे उतरेल, विमानतळाची बस कुठे उभी राहील, पोटूळचा फलाट किती लांब असेल, हे आराखड्याच्या कागदावर असतानाच मागायचे असते. सिमेंट वाळल्यावर निवेदने देण्यात अर्थ नसतो.

विमानतळाजवळचे स्टेशन ही शहराची शोभा ठरेल की नाही, ते पुढे पाहू. लासूरहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी ठरल्या वेळी घरी पोचला, तर त्या स्टेशनाचे काम झाले म्हणायचे.