पाळीची शर्यत

ऑस्ट्रियातील लीन्झ येथे १९८८ पासून ‘डोलोमिटेनमान’ नामक एक विलक्षण सांघिक शर्यत भरते. चौघांच्या संघातला एक गडी धावत डोंगर चढतो, दुसरा पॅराग्लायडरने खाली झेपावतो, आणि खळाळत्या नदीतील कयाक व डोंगरवाटेवरील सायकल उरलेल्या दोघांच्या वाट्याला येते. अशी शर्यत ओमानच्या हजर पर्वतात भरावी, असे मला मनापासून वाटते. आणि तसे वाटण्याचे कारण त्या पर्वताच्या पायथ्याशी, बिरकत अल्-मौज या गावी आहे.

भूगर्भातील पाणी केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणणारा तेथील ‘फलज अल्-खतमैन’ २००६ साली जागतिक वारशात दाखल झाला. त्याचा प्रवाह गावात तीन समान पाटांत विभागला जातो. फलजांच्या पाण्याची पाळी ‘अथर’ या सुमारे अर्ध्या तासाच्या मापाने ठरते, दिवसा सावलीवरून आणि पूर्वी रात्री ताऱ्यांवरून ती मोजली जाई, आणि या व्यवस्थेच्या कारभाऱ्याला ‘वकील’ म्हणतात. पाळी संपताच बागाईतदार आपल्या दाराला दगड-चिंध्यांचा बोळा लावतो, शेजाऱ्याचे दार मोकळे होते, आणि एकही शब्द न उच्चारता पाणी पुढच्याच्या खजुरांकडे वळते. ज्याने पांझरा नदीकाठच्या फड-सिंचनात पाटकऱ्याच्या देखरेखीखाली दारे धरली आहेत, त्याला हे दृश्य परके वाटणार नाही.

याच बिरकत अल्-मौजहून नोव्हेंबर २०१८ मध्ये अल्-हमरापर्यंतची १३७ किलोमीटरांची पर्वतीय धाव सुटली, आणि अमेरिकेचा जेसन श्लार्ब व स्वित्झर्लंडचा दिएगो पाझोस यांनी सुमारे पावणेएकवीस तासांनी अंतिम रेषा एकत्र ओलांडून विजेतेपद वाटून घेतले. एकट्याच्या शर्यतीत अपवाद म्हणून घडलेले हे औदार्य सांघिक शर्यतीत नियमच होऊन बसते, कारण तेथे, पाण्याच्या पाळीसारखेच, आपले श्रम दुसऱ्याच्या हाती सोपविल्यावाचून कोणाचीच धाव पुरी होत नाही.

नदीचा टप्पा मात्र येथे जसाच्या तसा आणू नये. वाद्या, म्हणजे तेथील नद्यांची पात्रे, एरवी कोरड्या असतात आणि पाऊस पडताच अकस्मात जीवघेण्या होतात, म्हणून कयाक समुद्रातच चालवावी. ‘टूर ऑफ ओमान’ या सायकल शर्यतीमुळे ख्यात झालेला, याच पर्वतातील जबल अख्दरचा चढ सायकलस्वाराला द्यावा. धावणाऱ्याने तेथील सैक पठारावरून जुन्या पाऊलवाटेने उतरून बिरकत अल्-मौजच्या त्या तीन पाटांपाशी आपली पाळी पुढच्याला द्यावी. आणि तेथे लागणारे पाणी कोणाच्या अथरातून घ्यावयाचे, हे फलजच्या वकिलाला आगाऊ विचारून ठेवावे.