पहिला प्रयोग आणि प्रवेशाचे स्वातंत्र्य

ऑगस्ट १९४७. आपण स्वातंत्र्याचे स्वागत करीत होतो, त्याच महिन्यात स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे युद्धाने होरपळलेल्या युरोपसाठी एक आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव सुरू झाला. निमंत्रण नामांकितांनाच होते. तरीही आठ नाट्यसंस्था निमंत्रणाविना आल्या आणि मिळेल त्या सभागृहात त्यांनी प्रयोग लावले. कामगारांच्या हौशी नाट्यमंडळांतून १९४१ साली उभी राहिलेली ग्लासगो युनिटी थिएटर ही संस्था त्यांत होती. तिने गॉर्कीचे नाटक आणले होते. या आगंतुकांच्या महोत्सवाला पुढे ‘फ्रिंज’, म्हणजे काठावरचा, हे नाव मिळाले. १९५८ साली त्याची संस्था स्थापन झाली. कोणाचेही नाटक पारखून नाकारायचे नाही, हे तिचे सूत्र ठरले.

पहिला प्रयोग करणाऱ्या तरुणाला याहून मोठे स्वातंत्र्य कोणते हवे? तत्त्व उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु स्वातंत्र्याची खरी कसोटी जमाखर्चाच्या वहीत लागते.

२०१९ साली तेथे ३,८४१ कार्यक्रम झाले. त्यांचे ५९,६०० हून अधिक प्रयोग झाले आणि तिकिटे ३० लाखांवर गेली. म्हणजे प्रयोगामागे सरासरी ५० प्रेक्षक. पण सरासरी फसवी असते. नामवंतांची शेकडो आसनांची भरलेली सभागृहे तीत मिसळलेली असतात. नवख्याने ५० खुर्च्यांच्या खोलीत १७ प्रेक्षक धरावेत, हे शहाणपणाचे. तिकीट १० पौंडांचे मानले, तर गल्ला १७० पौंड. जागामालकाचा हिस्सा ४० टक्के धरला, तर उरतात १०२ पौंड. पाच जणांच्या संचात माणशी जेमतेम वीस. त्यातून नोंदणीशुल्क, जाहिरात, प्रवास आणि ऑगस्टमध्ये भडकणारे घरभाडे भागवायचे. शिवाय कित्येक जागामालक किमान रकमेची हमी मागतात. गल्ला कमी पडला की फरक कलावंताने भरायचा. ज्याच्यापाशी भांडवल सर्वांत कमी, त्याच्याच माथी जोखीम सर्वांत अधिक!

याचा परिणाम केवळ खिशावर होत नाही, कलेवरही होतो. दोन कार्यक्रमांच्या मध्ये रंगमंच लावण्या-उतरविण्यास मोजकीच मिनिटे मिळतात. म्हणून नेपथ्य दोन खुर्च्यांवर येते, आणि खर्च परवडावा म्हणून दहा पात्रांचे नाटक एकपात्री होते. समूहाची कला आक्रसते. दार सर्वांना उघडे आहे. पण उंबरठ्याची उंची पैशाने ठरते.

या दोषाची जाणीव तेथील कामगार चळवळीला फार लवकर झाली होती. १९५१ साली कामगार संघटनांच्या आधाराने एडिंबरोत ‘लोकमहोत्सव’ भरला. स्वस्त तिकिटे आणि लोकगीतांचे मेळावे हे त्याचे वैशिष्ट्य होते. कम्युनिस्टांचा उपक्रम असा शिक्का मारून पुढे चळवळीतल्याच नेतृत्वाने त्याचा आधार काढून घेतला आणि काही वर्षांतच तो बंद पडला. हा धडा आपणही लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९९६ पासून तेथे ‘फ्री फ्रिंज’ ही चाल रूढ झाली: जागेचे भाडे नाही, तिकीट नाही, प्रयोगानंतर प्रेक्षक झोळीत टाकतील ते घ्यायचे. आपल्या तमाशा-लोकनाट्याच्या परंपरेला ही रीत परकी वाटणार नाही.

यावर आक्षेप येईल, की मदत द्यायची म्हणजे निवड समिती आली आणि निवड आली की स्वातंत्र्य गेले. तो पोकळ नाही. पण मदत आवडीनिवडीने वाटलीच पाहिजे असे थोडेच आहे? आपल्याकडेही गावोगावी कलामहोत्सव भरतात. ज्या नगरपालिका व संस्था ते भरवितात, त्यांच्याकडे तीन मागण्या करता येतील. पहिल्यांदाच येणाऱ्या संचांसाठी काही वेळा राखाव्यात आणि त्या चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. त्यांना सभागृह, दिवे आणि तंत्रज्ञ विनामूल्य मिळावेत. आणि नटापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत प्रत्येकास किमान वेतनाइतका रोज मिळावा. किमान हमीची अट तर सरळ रद्द व्हावी.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांतून ज्यांनी रंगमंचावर पहिले पाऊल टाकले, त्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. त्यांच्या पाठीशी भांडवल नव्हते, संघटना होती. गिरणगावातल्या किंवा ऊसतोडणीच्या फडावरच्या मुलीचा पहिला प्रयोग तिच्या बापाच्या कर्जावर उभा राहत असेल, तर त्या महोत्सवाला मुक्त म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो प्रयोग उभा करण्याची जबाबदारी समाजाची आहे, आणि तिची सुरुवात आपल्या शाखांनी करावयाची आहे.