फळा दोघांचा, किल्ली एकाची

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. दोन कंपन्यांनी मिळून भरलेला ऑनलाइन व्हाइटबोर्ड दोघींचा असायला हवा. आज तो तसा नसतो, आणि यामागे तांत्रिक अडचण आहे असं म्हणणं ही निव्वळ लबाडी आहे.

(आमची आत्या हे सगळं नेमाने वाचते आणि मग "व्हाइटबोर्ड म्हणजे रे काय?" म्हणून फोन करते. तर आत्या, हा इंटरनेटवरचा फळा. मी पुण्यात बसून त्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवली की कोल्हापुरातल्या क्लायंटला ती लगेच दिसते. त्याने ती हलवली की मला दिसते. बस्स, एवढंच.)

आता गंमत बघा. आम्ही जे सॉफ्टवेअर वापरतो तेच आमचा एक क्लायंटही वापरतो. पैसे आम्हीही भरतो, तोही भरतो, माणशी, दर महिन्याला. तरी त्याच्या माणसांना आमच्या फळ्यावर चिठ्ठी हलवायची असेल, तर त्यांच्यासाठी आम्ही आमच्या खात्यात वेगळ्या जागा विकत घ्यायच्या! नाहीतर त्यांनी पाहुण्यासारखं नुसतं बघत बसायचं. म्हणजे तोच माणूस, तेच सॉफ्टवेअर आणि भाडं दोनदा. एसटीत कंडक्टरने एकाच सीटचं दोनदा तिकीट फाडलं असतं तर आपण गाडी डेपोत न्यायला लावली असती. इथे मात्र गुपचूप कार्ड पुढे करतो.

विक्रेत्याला विचारलं की तो सुरक्षेचं पालुपद लावतो. कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कुलूप हवं, हे मला शंभर टक्के मान्य. पण पैसे भरताच तेच कुलूप उघडतं, त्याच माणसासाठी! मग ते कुलूप कसलं? तो टोलनाका झाला.

आणि "हे करणं अवघड आहे हो" असं कोणी म्हटलं, तर त्याला ई-मेल दाखवा. त्याचे नियम १९८२ सालीच ठरले. माझी आणि तुमची ई-मेल कंपनी वेगळी असली तरी पत्र पोचतं. यूपीआय २०१६ साली आलं. आज माझं खातं एका बँकेत आणि भाजीवाल्या मावशींचं दुसऱ्या, तरी कोथिंबिरीचे दहा रुपये क्षणात जातात. मावशींच्या बँकेत मी आधी खातं उघडावं, असं कोणी म्हणत नाही.

फळे इकडून तिकडे नेता येत नाहीत, हेही खरं नाही. गूगलने ३१ डिसेंबर २०२४ ला जॅमबोर्ड बंद केला. त्याआधी त्यावरचे फळे फिगजॅम, लुसिडस्पार्क आणि मिरो या तीन सेवांमध्ये हलवण्याची सोय झाली होती. म्हणजे नवं गिऱ्हाईक मिळत असेल तेव्हा जमतं!

पैशांपेक्षा मला जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. काम संपलं, आम्ही जागा कमी केल्या, की क्लायंटची सहा महिन्यांची विचारप्रक्रिया आमच्या खात्यात कुलूपबंद. अमुक बटण का काढलं, तमुक पान का टाळलं, ते सगळं त्या चिठ्ठ्यांवर असतं. त्याला देता येतं ते फक्त चित्र किंवा पीडीएफ. त्यातली एक चिठ्ठी हलवून बघा! वही दोघांनी लिहायची आणि शेवटी एकाने दुसऱ्याला तिचा फोटो द्यायचा, असला हा व्यवहार.

असो. नुसतं चिडून काय होणार? आम्ही आता करारातच लिहितो की फळा क्लायंटच्या खात्यात उघडायचा, कारण काम त्याचं आहे. ठरलेल्या गोष्टी दर शुक्रवारी साध्या मजकुरात उतरवून दोघांकडे ठेवायच्या. आणि नूतनीकरणाच्या वेळी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा: "आमचा क्लायंट तुम्हाला आधीच पैसे देतो, मग त्याचे आम्ही पुन्हा का द्यायचे?"

हा प्रश्न एकट्याने विचारला तर विक्रेता गोड हसतो. शंभर जणांनी विचारला तर त्याला उत्तर शोधावं लागेल. म्हणून मंडळी, पुढचं बिल भरण्याआधी तुम्हीही विचाराच.