खाड्याचा दंड आधी बंद करा

कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की दोन प्रकारच्या टोळ्या दिसतात. एक गावातली, दुसरी बीड-जालन्याहून आलेली. कोयता तोच, मोळीचं ओझंही तेच. गावची टोळी संध्याकाळी घरी जाते. बाहेरची कोपीवर परतते आणि गाडी आली तर रात्रीही भरायला उठते.

गाव सोडून कामाला गेलेल्या माणसाचं मन का ढासळतं, हा प्रश्न जुना आहे. ओर्नुल्व ओडेगार्ड या नॉर्वेजियन मनोविकारतज्ज्ञाने १९३२ साली मिनेसोटात गेलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास मांडला. मनोविकारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण त्यांच्यात अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा जास्त होतं. मुळात तशा प्रवृत्तीची माणसंच देश सोडतात, असा त्याचा कल होता. ऊसतोडीला हे उत्तर लागू पडत नाही. मुकादम उचल देतो ती धडधाकट जोडीला. थकलेले, आजारी गावीच राहतात. असा दणकट गडी झोप उडाली, जीव घाबरतो म्हणू लागला, तर दोष त्याच्या मनात शोधू नये.

दोष उचलीच्या व्यवहारात आहे. हंगामाआधी नवरा-बायकोच्या एका कोयत्यावर रक्कम मिळते आणि ती तोडीच्या मजुरीतून फेडायची असते. खाडा झाला की दंड. गावचा मजूर ताप आला तर घरी पडून राहतो, नाही पटलं तर दुसऱ्याचं काम धरतो. बाहेरच्याला ती मोकळीक नाही. फिटलं नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. लेकरं गावी आजीपाशी. बाई पहाटे अंधारात भाकऱ्या थापून फडात जाते, आणि रात्री फोनवर पोराला विचारते, "जेवलास का रे?" दवाखान्यात गेलीच तर अंग दुखतं एवढंच सांगते, गोळ्या घेऊन परतते. मनातलं सांगत बसायचं तर तेवढा दिवस बुडतो.

२०२२ पासून मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो प्रत्येक तळावर माहीत व्हायलाच हवा. पण फोनवरच्या समुपदेशकाला दंड माफ करता येत नाही. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं आहे. त्यातून तळावर समुपदेशक पाठवा. आणि आजारपणाच्या खाड्याला दंड लावणार नाही, ही अट साखर आयुक्तांनी गाळप परवान्यातच घालावी.