ताटातला परका तांदूळ

फिलिपिन्समध्ये, मनिलातल्या अनेक खाणावळींत ‘अनली राइस’ची पाटी असते. एका ताटाचे पैसे भरा आणि पोट भरेपर्यंत भात घ्या. इंडोनेशियातही पोटात भात गेला नाही, तर जेवण झाले असे कुणी मानत नाही. दोन्ही देश भातखाऊ, दोन्ही बेटांचे आणि २०२४मध्ये दोघेही तांदळाचे मोठे आयातदार होते. त्या वर्षी फिलिपिन्सने सुमारे ४८ लाख टन, तर इंडोनेशियाने सुमारे ४५ लाख टन तांदूळ बाहेरून आणला. आकडे जवळजवळ सारखे असले, तरी परावलंबन सारखे नाही.

इंडोनेशियाची लोकसंख्या २८ कोटी, तर फिलिपिन्सची साडेअकरा कोटींच्या आसपास. त्यामुळे त्या वर्षी इंडोनेशियाच्या एकूण तांदळात परका तांदूळ जेमतेम आठवा हिस्सा होता. फिलिपिन्समध्ये तो चौथ्या हिश्श्याहून अधिक भरला. शिवाय इंडोनेशियाची खरेदी थायलंड, व्हिएतनाम, म्यानमार आणि पाकिस्तान अशी विभागलेली होती. फिलिपिन्सची सुमारे तीन चतुर्थांश आयात एकट्या व्हिएतनामची.

हरितक्रांतीचे ‘आयआर-८’ वाण १९६६मध्ये फिलिपिन्समधल्याच लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने दिले. तिथेच ही अवस्था म्हणजे दिव्याखाली अंधार, असे कुणी म्हणेल. पण नुसत्या बियाण्याने कोठार भरत नाही. सपाट, ओलिताची जमीन थोडी आणि वादळे दरवर्षीची. व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या खोऱ्यातला स्वस्त तांदूळ बंदरात उतरला की तिथल्या शेतकऱ्याचा निभाव लागत नाही.

त्यात धोरणाने भर घातली. २०१९च्या कायद्याने सरकारी धान्य संस्थेची आयातीतली मक्तेदारी गेली आणि खासगी व्यापाऱ्यांना आयातशुल्क भरून हवा तेवढा तांदूळ आणण्याची मुभा मिळाली. महागाई चढली तेव्हा, जून २०२४मध्ये, ३५ टक्के शुल्क १५ टक्क्यांवर आणले गेले. पुढच्या वर्षी भाताचे भाव इतके पडले, की अनेक ठिकाणी उत्पादनखर्चही निघेना. अखेर १ सप्टेंबर २०२५पासून सरकारला नेहमीच्या तांदळाची आयातच काही महिने थांबवावी लागली. आधी दार सताड उघडे, मग एकदम कडी.

इंडोनेशियाने कडी आपल्या हाती ठेवली. ‘बुलोग’ ही सरकारी संस्था १९६७पासून तिथे तांदळाची खरेदी आणि साठवण सांभाळते. २०२५मध्ये तिने शेतकऱ्याकडून किलोला ६,५०० रुपिया दराने भात घेतला, साठा ४० लाख टनांवर नेला, आणि सरकारने नेहमीच्या तांदळाची आयात बंद ठेवली. मात्र गोदामे भरली तरी दुकानातला तांदूळ स्वस्त झाला नाही. स्वावलंबनाची किंमत तिथल्या ग्राहकाने मोजली. शिवाय १९८४मध्ये मिळवलेली स्वयंपूर्णता पुढे टिकली नव्हती, हेही विसरता येत नाही.

या हिशेबात भारत बाजूला उभा नाही. जगात पिकणाऱ्या तांदळाचा जेमतेम दहावा हिस्सा सीमा ओलांडतो आणि त्यातला सुमारे ४० टक्के आपला असतो. जुलै २०२३मध्ये आपण बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि आशियात भाव भडकले. त्याआधी एप्रिल २०२२मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली, तेव्हा आपल्याकडच्या फरसाणवाल्यापासून गृहिणीपर्यंत सगळ्यांना झळ बसली होती. दुसऱ्याने अचानक दार लावले की काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हा परावलंबन केवळ टनांत मोजू नये. आयातीचा निर्णय कोण घेतो, माल किती ठिकाणांहून येतो आणि कापणीच्या महिन्यात शेतकऱ्याच्या हाती काय उरते, हे पाहावे. या कसोटीवर इंडोनेशियाची बाजू बरी आहे, पण निर्धोक नाही. फिलिपिन्सची मात्र चिंतेची आहे. आणि विकणाऱ्या भारताने निर्यातबंदीचे फर्मान रातोरात काढण्याची सवय सोडावी. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात गेले, की परत आणणे सोपे नसते.