गळक्या क्वार्टरला मुदत हवी

रात्री-अपरात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या किंवा कुणाला साप चावला, तर गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात गावाची पहिली धाव असते ती आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमधल्या सिस्टरकडे. ती तिथे राहते की तालुक्याहून ये-जा करते, यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो. म्हणून जिल्हा परिषदेच्या निवासस्थानाचं गळकं छत हा केवळ कर्मचाऱ्यांचा प्रश्न नाही, तो गावाचा आहे.

या क्वार्टरांची दुखणी जुनीच आहेत. स्लॅब पाझरतो, प्लास्टर सुटून सळया उघड्या पडतात, चौकटींना वाळवी लागते, ओल्या भिंतीतून विजेचा झटका बसतो. दाराखालची फट शहरात किरकोळ वाटेल, पण इथे पावसाळ्यात त्याच फटीतून मण्यार आत येते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. मग गवंडी जाणार कसा आणि सिमेंट पोहोचणार कसं? इथली दुरुस्ती मे महिन्यात झाली तरच उपयोगाची.

तक्रारीचा प्रवास मात्र लांबचा. अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, तिथून तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग बांधकाम विभागाकडे. पुढे पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधी, निविदा. सार्वजनिक पैशाला हिशेब हवाच. पण आपला अर्ज कुठल्या टेबलावर आहे आणि किती दिवसांत हलायला हवा, हे अर्जदाराला कुणी सांगत नाही.

खासगी घराच्या भाडेकरूला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाची. पण याच अधिनियमाच्या कलम ३ ने शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणांच्या मालकीच्या जागा वगळल्या आहेत. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही, म्हणजे भाडं आधीच वसूल झालेलं असतं. अडवून धरायला हातात काही उरत नाही. शिवाय घरमालक तोच साहेब. बदलीचा अधिकार ज्या कार्यालयाकडे, त्याच्याचविरुद्ध पाठपुरावा कोण करणार? पूर्वी जिल्हा परिषद सदस्याला तरी गाठता यायचं. मार्च २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपली, प्रशासक आले आणि ते दारही बंद झालं.

अशा दुरुस्तीला कायद्याने मुदत घालता येते. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथल्या सामाजिक भाड्याच्या घरात बुरशीमुळे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा २०२० मध्ये दगावला. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीच्या धोक्याची दखल चोवीस तासांत घ्यायची आणि गंभीर ओल-बुरशीची तपासणी कामाच्या दहा दिवसांत करायची, असं बंधन तिथल्या घरमालक संस्थांवर आलं. त्यासाठी एका मुलाचा जीव जावा लागला. आपण त्याची वाट पाहू नये.

मुदत आपल्याला अनोळखी नाही. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने दाखले-परवान्यांना मुदत घालून दिली आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांचा दंड ठेवला. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्हा परिषदांनी क्वार्टरच्या दुरुस्तीला तीच शिस्त लावावी. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा, सात दिवसांत कनिष्ठ अभियंत्याची पाहणी व्हावी. वीज आणि छताचा धोका असेल तर चोवीस तासांत कामाला हात लागावा. किरकोळ दुरुस्तीचे पैसे आरोग्य केंद्राच्या पातळीवरच ठेवावेत. एप्रिलअखेर सर्व निवासस्थानांची पाहणी पूर्ण व्हावी.

कर्मचारी मुख्यालयी राहतो की नाही, याचा ठराव ग्रामसभेकडून मागितला जातो. ग्रामसभांना माझी विनंती आहे: येत्या १ मेच्या सभेत दुसराही ठराव घ्या. गावातलं क्वार्टर राहण्याजोगं आहे की नाही, ते स्वतः पाहून लिहा आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा.